दांड्याची कुळकथा

जुनें यंत्र दुरुस्त करतांना काय टाकावें आणि काय राखावें, हा प्रश्न गतवर्षीं आमच्या घरीं उभा राहिला.

नातवानें रेडिओनें चालणारें एक वापरलेलें लहान हेलिकॉप्टर आणलें. त्याच्या पात्यांशीं काटकोनांत एक दांडा होता. टोकांस छोट्या फळ्या. “आजोबा, हें काम आतां इलेक्ट्रॉनिक यंत्र करतें. दांडा काढूं या,” असें तो म्हणाला. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें.

परंतु या दांड्याची कुळकथा ऐका. अमेरिकेंतील आर्थर यंग यांनीं १९२८ पासून लहान प्रतिकृतींवर प्रयोग केले. त्यांतून हा दांडा निघाला. भोंवरा जसा आपला आंस सोडीत नाहीं, तसा फिरता दांडा आपली पातळी सोडीत नाहीं. यंत्र कललें कीं त्याला जोडलेलीं पातीं कोन बदलून तोल सांवरतात. १९४१ सालीं यंग बेल कंपनींत गेले. ८ मार्च १९४६ रोजीं अमेरिकेंत नागरी परवाना मिळालेलें पहिलें हेलिकॉप्टर, बेल ४७, याच दांड्याच्या आधारें उडत असे. स्टॅन्ली हिलर यांनीं टोकांच्या फळ्यांकडून पातीं वळविण्याचेंहि काम घेतलें. पुढें १९७० सालीं जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांनीं रेडिओनें चालणारी प्रतिकृति २७ मिनिटांहून अधिक काळ उडविली. प्रतिकृतींत जन्मलेला दांडा मोठ्या यंत्रांतून फिरून पुन्हां प्रतिकृतींत आला!

आम्हीं तडकलेलीं पातीं, रेडिओचा संच व शेपटीचा जायरोस्कोप बदलला; तुटून उडालेलें पातें एखाद्याचा डोळा घेईल, तेथें जुन्याचा मोह नको. दांडा मात्र राखला. नातवाचा हात अजून कांपतो. दांडा तोल सांभाळतो.