सीमेवरचे सोलापूर आणि जगाचे माहितीजाळे

संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने डिसेंबर २००३ मध्ये जिनिव्हा येथे आणि नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिस येथे भरलेल्या जागतिक माहिती समाज परिषदेने सर्वसमावेशक माहिती समाज उभारण्याचे ध्येय सर्व राष्ट्रांसमोर ठेवले. माहिती मिळवणे, ती साठवणे, दुसऱ्याला देणे आणि तिच्या आधारे आपले जीवनमान सुधारणे ही कामे ज्यात कोणालाही करता येतात, असा समाज या संज्ञेत अभिप्रेत होता. ध्येय नवे वाटले तरी त्यामागील व्यवहार जुना आहे, कारण देशोदेशींच्या सरकारांनी एकत्र बसून संदेशवहनाचे नियम ठरवायला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच सुरुवात केली होती आणि त्या नियमांचे बरेवाईट परिणाम सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या गावीही लगोलग पोहोचत होते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा एका पेठेत नांदवणारे हे शहर अशा प्रत्येक योजनेची कसोटी पाहणारे ठरले. तार, नभोवाणी, उपग्रह, संगणक यांपैकी कोणत्याही साधनाने सोलापूरला मुद्दाम वगळले नाही. परंतु त्या साधनाची भाषा कोणती आणि त्याची हद्द कुठे संपते, या दोन प्रश्नांवर कोण आत आणि कोण बाहेर हे दर वेळी ठरत गेले.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला. लोहमार्गाच्या कडेने तारेचे खांब रोवायचे, हा त्या काळचा शिरस्ता होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि पश्चिम भारतातील कापसाचे भाव अभूतपूर्व चढले. बार्शी व सोलापूरच्या पेठेतला भाव आता लिव्हरपूलच्या मागणीशी बांधला गेला. १७ मे १८६५ रोजी पॅरिसमध्ये वीस युरोपीय राज्यांनी आंतरराष्ट्रीय तार संघाची स्थापना करून दरांची, यंत्रांची आणि संकेतलिपीची एकवाक्यता साधली. १८६९ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान त्या संघाचा सदस्य झाला आणि १८७० मध्ये मुंबई समुद्राखालील तारेने थेट इंग्लंडशी जोडली गेली. यंत्रणेच्या दृष्टीने सोलापूर जगाच्या आवाक्यात आले ते या दशकात. मात्र तार जात असे रोमन अक्षरांत आणि तिचे मोल शब्दागणिक मोजले जाई. ज्या आडत्याची रोजची कीर्द-खतावणी मोडीत होती, त्याला भावाची बातमी मिळवण्यासाठी इंग्रजी जाणणाऱ्याकडे जावे लागे, आणि ज्याच्याकडे असा माणूस नव्हता त्याला शेजारच्या दुकानातून भाव फुटेपर्यंत थांबावे लागे. शेतकरी तर या साखळीच्या अगदी शेवटी होता. देवनागरी तारांची सोय सुरू झाली ती १९४९ मध्ये, म्हणजे तार सर्वसामान्यांची झाल्यानंतर कितीतरी दशकांनी.

टपालाची गोष्ट वेगळी होती आणि तिच्याकडे इतिहासकारांचे जितके लक्ष जायला हवे तितके गेलेले नाही. १८७४ मध्ये बर्न येथे स्थापन झालेल्या टपाल संघाने सदस्य देशांचा सगळा मुलूख टपालापुरता एकच मानला. हिंदुस्थान १८७६ मध्ये त्यात सामील झाला. १८७९ मध्ये देशांतर्गत वापरासाठी पाव आण्याचे कार्ड निघाले. कार्डावर मजकूर कोणत्या लिपीत असावा याचे बंधन नव्हते. १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली, तिच्यापाठोपाठ इतर गिरण्या आणि हातमागांचे कारखाने वाढले, आणि तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबे मोठ्या संख्येने येऊन पूर्व भागात वसली. त्यांच्यासाठी आपल्या भाषेत लिहिता येणारे आणि परवडणारे साधन हे कार्डच होते, आणि ज्याला अक्षरे येत नसत तो शेजाऱ्याकडून लिहून घेई. त्यातही एक विसंगती होती. सोलापूरहून लंडनला निघालेल्या पत्राचे नियम बर्नमध्ये ठरलेले होते, परंतु विणकराचे मूळ गाव निजामाच्या राज्यात असल्याने तिकडचे पत्र पुष्कळदा दुसऱ्याच टपालखात्याच्या हाती पडे. आंतरराष्ट्रीय कराराने सातासमुद्रांचे अंतर मिटवले. शेजारच्या संस्थानाचे तसेच राहिले.

पॅरिसच्या १८६५ च्या करारात आणखी एक गोष्ट होती, जी पुढच्या प्रत्येक जागतिक घोषणेत या ना त्या रूपाने येत राहिली. त्याच्या एका कलमाने तारेने संदेश पाठवण्याचा हक्क सर्वांना मान्य केला, तर दुसऱ्या कलमाने राज्याच्या सुरक्षिततेला किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधक वाटणारा खाजगी संदेश अडवण्याची मुभा सरकारांना दिली. हिंदुस्थानात १८८५ च्या तार कायद्याच्या पाचव्या कलमाने हीच मुभा पक्की केली. सत्ताधाऱ्यांची ही वृत्ती सोलापूरने उघड्या डोळ्यांनी पाहिली ती मे १९३० मध्ये, जेव्हा काही दिवस ब्रिटिश अंमल शहरातून जवळजवळ उठला आणि त्यानंतर लष्करी कायदा पुकारला गेला. ‘कर्मयोगी’ पत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे यांना लेखनाबद्दल शिक्षा झाली. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्यासह फाशी गेलेले कुर्बान हुसेन हेही वृत्तपत्र चालवणारे होते. माहितीचे वहन सोपे झाले म्हणजे माहिती मुक्त होते, असा समज अलीकडे फार प्रचलित आहे. सोलापूरच्या इतिहासाने तो तेव्हाच खोडून काढला होता.

स्वातंत्र्यानंतर आंतरराष्ट्रीय सहकार्याचे स्वरूप पालटले. भाव आणि हुकूम पोहोचवण्याऐवजी ज्ञान पोहोचवणे हा हेतू पुढे आला. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने पुणे, अहमदनगर अशा सोलापूरला लागून असलेल्या जिल्ह्यांसह पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ‘शेतकरी श्रोता मंडळां’चा प्रयोग केला. मूळ कल्पना कॅनडातील होती : गावातील वीसेक माणसांनी ठरलेल्या वेळी एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न निमंत्रकामार्फत केंद्राकडे पाठवायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेत त्या वेळी आलेले समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले, आणि अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यांच्या माहितीतही स्पष्ट भर पडल्याचे त्यातून दिसून आले. या प्रयोगाचे खरे मोल रेडिओच्या पेटीत नसून उलट टपाली जाणाऱ्या त्या प्रश्नांत होते. देशभर विस्तार होताना नेमका हाच भाग क्षीण झाला.

त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी घडलेला उपग्रह दूरदर्शनचा प्रयोग सोलापूरच्या संदर्भात अधिक बोलका आहे, तोही सोलापूर त्यात नसल्यामुळे. भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची अंतराळ संस्था नासा यांच्यात सप्टेंबर १९६९ मध्ये करार झाला. त्यामागे अवकाशशास्त्रज्ञ विक्रम साराभाई यांची अशी धारणा होती, की शहरांपासून खेड्यांकडे हळूहळू झिरपत येणाऱ्या दूरदर्शनची वाट पाहण्यापेक्षा भारताने थेट खेड्यांपासूनच आरंभ करावा. त्या करारानुसार नासाचा एटीएस-६ हा उपग्रह आफ्रिकेच्या पूर्व भागावरील जागेवर सरकवण्यात आला आणि १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षासाठी तो भारताला उपलब्ध झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत, शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची दहा फुटी छत्री आणि तिच्याशी जोडलेला दूरचित्रवाणी संच बसवण्यात आला. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन या विषयांवर मोठ्यांसाठी कार्यक्रम होत. एका चित्रासोबत दोन ध्वनिवाहिन्या पाठवण्याची सोय उपग्रहावर होती, त्यामुळे एकाच चित्राला दोन भाषांचे आवाज जोडता येत.

या सहा राज्यांत कर्नाटक आणि आंध्र प्रदेश होते, महाराष्ट्र नव्हता. कर्नाटकातून निवडलेल्या जिल्ह्यांत विजापूर आणि गुलबर्गा होते, म्हणजे ज्यांची शीव सोलापूर जिल्ह्याच्या शिवेला लागते तेच. उपग्रहावरून येणाऱ्या मोजक्या भाषांत कन्नड व तेलुगू या सोलापूरच्या दोन भाषा होत्या, आणि मराठी नव्हती. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांतील कन्नड बोलणाऱ्या खेड्यांवरूनही त्या लहरी जात होत्या, परंतु छत्री आणि संच राज्याच्या सीमेपलीकडच्या निवडलेल्या गावांत होते. अवकाशातून येणारा संकेत सीमा मानत नाही, तो घेणारा संच मात्र सरकारी यादीनुसार बसतो. प्रयोगाच्या आखणीला दोष देण्यात अर्थ नाही, कारण मागास जिल्ह्यांचे गट निवडताना कुठेतरी रेषा ओढणे भागच होते. तरीही भाषेचा प्रदेश आणि प्रशासनाचा प्रदेश एक धरला की सीमेवरची माणसे कशी गळतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणे कठीण. वर्ष संपताच उसना उपग्रह परत गेला.

संगणकाने हा भाषेचा प्रश्न अक्षराच्या पातळीवर आणून ठेवला. संगणक अक्षर साठवतो ते अंकाच्या रूपात, आणि कोणत्या अक्षराला कोणता अंक हे सर्वांनी एकमताने ठरवले नाही तर एका यंत्रावरचा मजकूर दुसऱ्यावर निरर्थक ठरतो. १९९० च्या दशकातील मराठी छापखान्यांत नेमके हेच होत असे : ज्या फॉन्टमध्ये मजकूर जुळवला तो फॉन्ट समोरच्याकडे नसला की पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ‘इस्की’ ही प्रमाण संकेतावली स्वीकारली. तिच्यात देवनागरी, कन्नड, तेलुगू अशा ब्राह्मीकुलातील सर्व लिप्यांच्या समान उच्चाराच्या अक्षरांना एकच अंक होता. सोलापूरसारख्या गावाला ही मांडणी सोयीची होती, पण उर्दू तिच्या बाहेरच राहिली. त्याच सुमारास निघालेल्या ‘युनिकोड’ या जागतिक संकेतावलीने जगातील प्रत्येक लिपीला स्वतंत्र घर दिले आणि भारतीय लिप्यांची अंतर्गत मांडणी मात्र इस्कीवरूनच घेतली.

युनिकोडमधील दोन तपशील मराठी वाचकाने जवळून पाहावेत असे आहेत. ‘ऱ’ हे अक्षर त्या संकेतावलीत मुळात द्राविडी भाषांतील एका विशिष्ट रकाराच्या लेखनासाठी नोंदलेले आहे, आणि ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’ अशा शब्दांत मराठी माणूस जो आडवा अर्धा र लिहितो, तो त्याच अक्षराचे अर्धे रूप म्हणून तेथे आला. उलट ‘ॲ’ या अक्षराला मराठी मजकुरात रोज काम असूनही त्याला स्वतःचा अंक मिळाला तो २००८ मध्ये. म्हणजे जिनिव्हाच्या परिषदेत भाषिक विविधतेचे कलम मंजूर होत असताना ‘ॲसिड’ हा शब्द प्रमाण पद्धतीने लिहिण्याची पुरती सोय मराठीला नव्हती. असे निर्णय प्रस्ताव, नमुने आणि पुरावे मांडून समित्यांत होतात. त्यांची बातमी होत नाही, आणि घोषणांच्या मानाने त्यांचा उपयोग कितीतरी टिकाऊ असतो.

यानंतरचा टप्पा माढा तालुक्यातील परितेवाडी या खेड्याच्या जिल्हा परिषद शाळेत घडला. तेथे २००९ मध्ये रुजू झालेले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पहिली ते चौथीच्या पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. हा कोड म्हणजे काळ्यापांढऱ्या चौकोनांत साठवलेला पत्ता. मोबाइलच्या कॅमेऱ्याने तो वाचला की त्या पत्त्यावरची कविता ऐकू येते किंवा पाठाची चित्रफीत उघडते. १९९४ मध्ये जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी तो तयार झाला. कंपनीने एकस्वाचा हक्क बजावला नाही आणि २००० मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाला, म्हणूनच सोलापूर जिल्ह्यातील शिक्षकाला तो फुकट वापरता आला. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना वार्की फाउंडेशनचा, युनेस्कोच्या सहभागाने दिला जाणारा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्या वेळच्या परिचयात नमूद आहे की मुलींची घरची भाषा कन्नड असल्याने डिसले यांनी ती शिकून घेतली आणि त्यानंतर पुस्तकांची फेररचना केली. सीमाभागातील शाळेचा हा जुनाच पेच होता, कोड त्यानंतरचा. दहा लाख डॉलरच्या पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांत वाटली. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा वैरातल्या देशांच्या विद्यार्थ्यांना संगणकाद्वारे एकमेकांशी बोलते करण्याचा त्यांचा उपक्रमही त्याच सुमारास चर्चेत आला. श्रोता मंडळांच्या प्रश्नांनंतर प्रथमच सोलापूर परिसरातून बाहेर काही जात होते.

जिनिव्हाच्या कृती-आराखड्याने प्राथमिक शाळा जोडण्यासाठी २०१५ ची मुदत घातली होती; महाराष्ट्राने सर्व पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापण्याचा निर्णय २०१७ मध्ये घेतला. पुस्तक प्रत्येक मुलाला मिळते आणि कोडही प्रत्येक पुस्तकावर असतो, परंतु तो वाचणारा फोन पुष्कळ घरांत एकच असून तो दिवसभर शेतावर किंवा यंत्रमागावर गेलेल्या माणसाच्या खिशात असतो, त्यामुळे पाठ उघडतो तो रात्री, आणि तोही त्या फोनमध्ये पैसे भरलेले असतील तरच.