डोंगरावरची माउली : मनोरी परिसरातील ईस्ट इंडियन समाजाचे उत्सव, लोकसंगीत आणि नृत्य

प्रस्तावना :

डोंगरमाथ्यावरील देवस्थानाला वर्षातून एकदा सामुदायिक यात्रा करणे, तेथे वाद्ये वाजविणे आणि नृत्य करणे ही प्रथा जगातील अनेक समाजांत आढळते. स्पेन व फ्रान्सच्या सीमेवरील बास्क लोक डोंगरावरील लहान प्रार्थनास्थळांकडे यात्रेने जातात. एका हाताने वाजविली जाणारी तीन छिद्रांची बासरी आणि दुसऱ्या हातातील ढोलके यांच्या साथीने तेथे फेर धरला जातो. गोव्यात 1542 मध्ये आलेले व पुढे वसईलाही भेट देणारे सेंट फ्रान्सिस झेवियर हे याच प्रदेशातील नवार प्रांताचे. त्यामुळे मुंबई उपनगरातील ख्रिस्ती समाजाचे डोंगरावरील उत्सव ही आयबेरियन द्वीपकल्पातून आलेली आयात होय, असा समज होणे स्वाभाविक आहे. हा समज कितपत टिकतो, याचा विचार मनोरी व परिसरातील ईस्ट इंडियन समाजाच्या संदर्भात प्रस्तुत निबंधात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

मनोरी हे मुंबई उपनगर जिल्ह्यातील खाडीपलीकडचे गाव होय. मार्वे येथून नावेने खाडी ओलांडून किंवा भाईंदर-उत्तन मार्गाने तेथे जाता येते. मनोरी, गोराई, उत्तन ही गावे पूर्वी धारावी बेट या नावाने ओळखली जात. मुंबई शहरातील धारावीशी या नावाचा संबंध नाही. 1534 च्या वसईच्या तहाने हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला आणि येथील शेतकरी, कोळी व इतर समाजांपैकी अनेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत 1737 मध्ये ठाणे व 1739 मध्ये वसई मराठ्यांनी जिंकली. 1774 च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टीवरील त्यांचा ताबा कायम झाला. अशा रीतीने अर्ध्या शतकाच्या आत या लोकांनी तीन राजवटी पाहिल्या.

‘ईस्ट इंडियन’ हे नाव मात्र बरेच नंतरचे आहे. गोवा व मंगळूर येथून मुंबईत येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी स्थानिक ख्रिस्ती पुढाऱ्यांनी 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. नाव इंग्रजी असले तरी घरातील भाषा मराठीची बोली होती, ही बाब येथे महत्त्वाची ठरते.

डोंगरावरची जत्रा :

या समाजाचा सर्वांत मोठा डोंगरावरील उत्सव म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा. 8 सप्टेंबर या मरियामातेच्या जन्मदिनानंतरच्या रविवारी ती सुरू होते व आठवडाभर चालते. मराठ्यांच्या मोहिमेच्या काळात येथील जुने प्रार्थनास्थळ नष्ट झाले. त्यातील मूर्ती कोळ्यांना समुद्रात सापडली, अशी परंपरा सांगितली जाते. आजची चर्चची वास्तू 1902 ते 1904 या काळात शापूरजी खानसाहेब चांदाभॉय या वास्तुरचनाकाराने उभारली. 1954 मध्ये तिला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून बांधलेला माहीमचा कॉजवे 1845 मध्ये खुला झाला. त्यापूर्वी मुंबईकडून येणाऱ्या यात्रेकरूंना नावेनेच खाडी ओलांडावी लागे.

सर्वसामान्य लोक या स्थानाला ‘मोत माउली’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेत डोंगराला ‘मोंते’ म्हणतात, त्यावरून ‘मोत’ आले. ‘माउली’ हा शब्द मात्र मराठी भक्तिपरंपरेतील आहे. एकाच नावात परकीय व देशी अशी दोन पदे एकत्र नांदतात. कार्ल्याच्या डोंगरावरील एकवीरा ही कोळी समाजाची कुलदेवता, तर विरारच्या डोंगरावर जीवदानी. डोंगर चढून आईला नवस फेडणे ही या किनाऱ्याची मूळचीच रीत होय. माउंट मेरीला हिंदू कोळीही मोठ्या संख्येने येतात व नवस म्हणून मेणाचे हात, पाय, घर अर्पण करतात, ते यामुळेच. आयबेरियन प्रथा येथे रुजली, कारण तिला आवश्यक असलेली भूमी आधीच तयार होती.

आगेरा, वाद्ये आणि नृत्य :

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन गावांत ‘आगेरा’ हा सुगीचा उत्सव होतो. शेतातील नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणल्या जातात व त्यांना आशीर्वाद दिला जातो. शेत या अर्थाच्या ‘आगेर’ या लॅटिन शब्दापासून हे नाव आले, असे सांगितले जाते. हा काळ आश्विनातील नवान्न पौर्णिमेच्या जवळचा आहे, हा केवळ योगायोग नव्हे. भाताचे पीक धर्म पाहून पिकत नाही.

या समाजाचे पारंपरिक वाद्य घुमट होय. मातीच्या भांड्याच्या एका तोंडावर घोरपडीचे कातडे ताणून ते तयार केले जाई. वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीच्या शिकारीस बंदी असल्यामुळे आता बकऱ्याचे कातडे वापरले जाते. हेच वाद्य गोव्यात गणेशोत्सवातील आरतीला वाजते. गोवा शासनाने 2019 मध्ये त्याला राज्याचे वारसावाद्य घोषित केले. लग्नाच्या ‘उंबराचं पाणी’ या विधीतही वाजंत्री लावून, गाणी म्हणत विहिरीवरून पाणी आणले जाते. उंबराचे पावित्र्य ही ख्रिस्तीपूर्व काळातील श्रद्धा होय. लुगडे नेसलेल्या स्त्रियांची गाणी व नाच यांना या प्रसंगी प्रमुख स्थान असते.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, या उत्सवांचे दिनमान चर्चने ठरविले असले तरी त्यांची भाषा, वाद्ये व ऋतुचक्र स्थानिक आहे. राजवटी बदलल्या, समाजाचे नावही बदलले. परंतु सुगीची गाणी मराठी बोलीतच राहिली. या समाजाला परकीय मानणे इतिहासाला धरून नाही, याचा पुरावा दप्तरांइतकाच या उत्सवांतही सापडतो.

मात्र हा पुरावा नाजूक आहे. उपनगरातील बहुतेक गावठाणांभोवतीची भातशेती इमारतींखाली गेली आहे आणि तेथे आगेरा हा शेतकऱ्यांचा उत्सव न राहता स्मृतीचा उत्सव बनला आहे. खाडीमुळे मनोरी शहरापासून काहीशी अलग राहिली. हे अलगपण कायम राहीलच असे नाही. गीते मौखिक असल्याने ती जाणणाऱ्या वृद्ध स्त्रियांबरोबरच ती संपतात. म्हणून परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने या गीतांचे ध्वनिमुद्रण व लेखन हाती घेणे आवश्यक आहे. तसे झाले तरच मनोरीच्या इतिहासाचा एक मोठा भाग अभ्यासकांना उपलब्ध राहील.