तालमीत गेलेले एक वर्ष

१/ १८७३. बाळ गंगाधर टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले, तेव्हा त्यांची अंगकाठी किरकोळ होती आणि प्रकृती नाजूक. पहिले वर्ष त्यांनी पुस्तकांऐवजी तालीम, कुस्ती, पोहणे आणि सकस आहार यांना दिले. परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. शरीर मात्र कमावले गेले. पुढे १८७६ मध्ये ते गणितात पहिल्या वर्गात बी.ए. झाले.

२/ ही कथा निश्चयाची म्हणून सांगितली जाते. परंतु तिच्यामागे एका संपूर्ण पिढीची चिंता होती.

३/ मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. परक्या भाषेतील अभ्यास, पाठांतर, परीक्षांची धास्ती, लहान वयातील लग्न आणि तुटपुंजे अन्न, एवढे ओझे विद्यार्थी वाहत होते. या सुशिक्षित पिढीतील अनेक कर्ती माणसे ऐन उमेदीत गेली : विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्ये, ३१व्या वर्षी, विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ मध्ये, ४३व्या वर्षी.

४/ अखेर १८९४ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी हिंदू पदवीधरांतील अधिक मृत्युप्रमाणाच्या कारणांवर व्याख्यान दिले. घरोघरी होणारी हळहळ आता सार्वजनिक चर्चेचा विषय झाली होती.

५/ टिळकांचे समवयस्क, डेक्कन कॉलेजातील स्नेही गोपाळ गणेश आगरकर. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा हा मुलगा अत्यंत गरिबीत शिकला. एकच सदरा रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, अशी त्यांची आठवण सांगतात. पुढे दम्याने त्यांना गाठले. १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. आगरकर १८९५ मध्ये, ३८व्या वर्षी निवर्तले. टिळक मंडालेची सहा वर्षे सोसून ६४ वर्षे जगले.

६/ दोन आयुष्यांवरून नियम सिद्ध होत नाही. व्यायामाने दमा टळला असता, असेही म्हणता येत नाही. तरीही एक फरक उरतोच. टिळकांच्या वडिलांनी मागे काही पुंजी ठेवली होती. एक वर्ष वाया घालवणे त्यांना परवडले. आगरकरांना एक सत्रही परवडणारे नव्हते.

७/ म्हणून 'टिळकांसारखा व्यायाम करा' हा उपदेश अपुरा आहे. विद्यार्थ्याचे आरोग्य त्याच्या निश्चयावर जितके अवलंबून असते, तितकेच खानावळीतील ताटावर, वसतिगृहातील खोलीवर आणि वेळापत्रकात मोकळ्या ठेवलेल्या एका तासावर. तो तास नापास न होता मिळावा, ही जबाबदारी विद्यापीठाची.