काच कापणारा हात

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरी मुलखाचा इतिहास सांगताना मुकणे घराण्याच्या गादीपासून आरंभ करावा आणि १९४८ साली संस्थान ठाणे जिल्ह्यात विलीन झाले येथे थांबावे, असा परिपाठ आहे. त्या मुलखातील घरांत काच कशी शिरली, हा प्रश्न क्वचितच पुढे येतो. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपून केलेल्या भिंतीस तावदान कोठून असणार? आमच्या मते, बांगडी वगळली तर तेथे काच आली ती कंदिलाबरोबर.

महाराष्ट्रात काच घडू लागली ती स्वदेशीच्या प्रेरणेने. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना काढला. १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत दुसरा उभारला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील पुढे घरोघर गेला.

फुंकनळीवर फुगविलेली काच कंदिलावर बसावयाची तर तिची तोंडे कापावी लागतात. 'कापणे' हा शब्द मात्र फसवा आहे. हत्यार केवळ बारीक रेघ उमटविते. तिच्यावर अरुंद ज्योत फिरविली की उष्णतेच्या ताणाने चीर रेघेवरून धावते. सपाट तावदान रेघेवर हलकेच वाकविले की दुभंगते. काच सावकाश निवविलेली नसेल, तर चीर भलतीकडेच जाते.

ही रेघ पूर्वी हिरकणीने ओढीत. हिऱ्याच्या स्फटिकाची नैसर्गिक, किंचित बाकदार धारच सलग चीर पाडते, टोकदार कणी नुसते ओरखडे काढते, हे वॉलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१६ साली दाखविले. १८६९ साली अमेरिकेत सॅम्युअल मोन्स याने पोलादी चाकाचे हत्यार काढले, आणि हिरा न परवडणाऱ्या कारागिराचीही सोय झाली. नियम दोहोंचा एकच: रेघ एकदाच ओढावी, तिच्यावरून पुन्हा हात फिरविल्यास हत्यार आणि काच दोन्ही बिघडतात.

कापलेल्या कडेत बारीक तडा राहिला, तर ज्योतीच्या तापाने काच फुटते. ज्या घराला पुढच्या आठवड्याच्या बाजारापर्यंत दुसरी काच मिळावयाची नाही, त्या घरी तेवढे दिवस अंधारच. ओगलेवाडीचा कारखाना पुढे बंद पडला, आणि जव्हार-मोखाडा २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आले. कारखाने काढणाऱ्यांची नावे आम्ही आदराने घेतो, ते योग्यच आहे. पण त्या घरांतील उजेड ज्याच्या एका रेघेवर अवलंबून होता, त्या कारागिराला त्याच इतिहासात जागा मिळाली पाहिजे.