वडिलांच्या फियाटची किंमत किती?

पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरी जुनी गाडी ताडपत्रीखाली पडून आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

साताऱ्याचं घर विकायचं ठरलं, तेव्हा पडवीतल्या फियाटचा प्रश्न आला. १९६८ सालची ११०० डी, हँडल गिअर, १०८९ सीसी. वडील डॉक्टर होते, व्हिजिटला हीच गाडी घेऊन जायचे. ते गेल्यापासून ती हललेली नाही. बहिणीचा अर्धा वाटा आणि तिला पैशाची खरीच गरज, म्हणून भाव नीट काढायचा होता.

तिघांना दाखवली. भंगारवाल्याने वजनावर २५ हजार सांगितले. गॅरेजवाला म्हणाला, "चार लाख घाला, नवीकोरी करून देतो, पाचाला कुठे जात नाही." तिसरा जुन्या गाड्या जमवणारा. तो दीड लाख द्यायला तयार, पण एका अटीवर: "कशालाही हात लावू नका. पॉलिशसुद्धा नको."

एकाच गाडीचे तीन भाव! मी चक्रावलो आणि वाचायला बसलो. तेव्हा कळलं, या गाडीची किंमत नुसत्या बाजाराने कधी ठरलीच नव्हती.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी व्हायची, १९५० च्या दशकात फियाट ११०० आली. तीच आपली 'डुक्कर फियाट'. पण लायसन्स राजमध्ये कारखान्याने किती गाड्या काढायच्या ते दिल्ली ठरवणार. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, नाहीतर 'ऑन' मोजायचा. वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग जायची, असा तो काळ.

१९६९ साली सरकारने अँबॅसिडर, फियाट आणि स्टँडर्ड या तिन्ही मोटारींच्या किमती कायद्यानेच बांधल्या. कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या. मोटारीची वाजवी किंमत म्हणजे काय, यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला १९७१ साली निकाल द्यावा लागला. आज गंमत वाटते.

आता जमवणाऱ्याचं गणित बघा. त्याने आधी चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिले. दोन्ही जुळले. मग लोहचुंबक घेऊन पत्रा तपासला, कारण जिथे लांबी भरलेली असते तिथे चुंबक चिकटत नाही. आडवा होऊन खालचा फ्लोअर बघितला. रंग फिका पडलाय, सीट फाटलीय, त्याचं त्याला काहीच नाही. म्हणाला, "रंग कधीही मारता येतो. कारखान्यातून आलेला रंग परत आणता येत नाही."

गॅरेजवाल्याचाच हिशोब धरा. पाच लाखांतून खर्चाचे चार वजा केले की हातात एक लाख. जमवणारा दीड देत होता. वरचे ५० हजार कशाचे? कोणी हात न लावल्याचे! अर्थात पत्रा कुजलेला असता किंवा इंजिन बदललेलं असतं, तर हे ५० हजार उडाले असते.

आणि कागद. आईने जपलेल्या फाईलमध्ये खरेदीची पावती, टॅक्स टोकन, जुने विम्याचे कागद सापडले. त्यांची झेरॉक्स बघूनच त्याने दीड लाखाचे १ लाख ७० हजार केले.

सरकारही आता हीच भाषा बोलतंय. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपात ठेवलेली गाडी 'व्हिंटेज'. नव्या नोंदणीला २० हजार, पुढच्या फेरनोंदणीला ५ हजार. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण रोज चालवायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच.

माझी तक्रार इथे आहे. खाजगी गाडीला १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग, आणि वारसा म्हणून मान मिळणार पन्नाशीनंतर. मधली ३५ वर्षं तिने काढायची कशी? मुंबईतल्या टॅक्सीला तर २० वर्षांचीच मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. पद्मिनी हे नाव आलं १९७४ साली, म्हणजे अगदी पहिल्या पद्मिनी आत्ता कुठे पन्नाशी ओलांडतायत. बाकीच्या तोवर टिकतील? धूर ओकणाऱ्या गाड्या काढाव्यात, याबद्दल वाद नाही. पण उभ्या असलेल्या, मूळ रूपातल्या गाडीची ५० च्या आतही नोंद व्हायला काय हरकत आहे?

आम्ही गाडी जमवणाऱ्यालाच दिली. आधी वारस म्हणून आरसी आमच्या नावावर करून घेतली, त्यात चार महिने गेले. फाईल गाडीबरोबर गेली. बहिणीने फक्त वडिलांचा व्हिजिटचा पट्टा ठेवून घेतला.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी तीन गोष्टी करा. चासी नंबर वाचा, कागद शोधा, आणि कृपा करून रंग मारू नका.