वज्रेश्वरीची उन्हाळी : देवालयापूर्वीच्या इतिहासाचा विचार

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या परिसरात वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी ही गावे परस्परांस लागून आहेत. तेथील उष्णोदकांच्या झऱ्यांचा इतिहास चिमाजी अप्पांच्या नवसापासून सांगण्याचा प्रघात आहे. वसईच्या मोहिमेत (१७३७–१७३९) विजय मिळाल्यास देवीचे देवालय बांधू, असा नवस अप्पांनी केला. मे १७३९ मध्ये वसई हस्तगत झाली आणि टेकडीवर किल्ल्यासारखे तटबंद देवालय उभे राहिले, असे परंपरा सांगते. यांपैकी मोहीम कागदपत्रांनी सिद्ध आहे, तर नवस परंपरेने चालत आलेला आहे. या दोहोंची सरमिसळ करणे इष्ट नव्हे. परंतु हीच परंपरा असेही सांगते की, देवी मूळची गुंज येथील असून पोर्तुगीज अमदानीत ती वडवलीस आणली गेली व पुढे वडवलीस वज्रेश्वरी हे नाव पडले. म्हणजे आरंभ १७३९ चा नव्हे, हे देवालयाच्या कथेलाच मान्य आहे.

मग त्यापूर्वीचा शोध कोठे घ्यावयाचा? एक साधन भाषेचे आहे. गरम पाण्याच्या झऱ्यास मराठीत ‘उन्हाळे’ म्हणतात. संस्कृत ‘उष्ण’, प्राकृत ‘उण्ह’ व मराठी ‘ऊन’ ही त्याची परंपरा. राजापूरजवळचे उन्हाळे, कोकणातीलच उन्हवरे, सातपुड्याच्या पायथ्याचे उनपदेव आणि नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वर ही नावे पाहिली म्हणजे लोकांनी प्रथम पाण्याच्या गुणावरून स्थळ ओळखले असावे, हे अनुमान बळावते. उनपदेव व उनकेश्वर यांत तर देवानेच पाण्याचे नाव धारण केलेले दिसते! अकलोलीच्या कुंडांस मात्र सूर्य, चंद्र, अग्नी, राम, सीता अशी नावे आहेत, आणि राक्षसांच्या रक्ताने पाणी तापले अशी कथा जोडलेली आहे. भूशास्त्र याचे कारण निराळे देते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्ट खडकातील भेगांतून पावसाचे पाणी खोल उतरते, तेथील उष्णतेने तापते व वर येते. पालघरपासून राजापूरपर्यंत कोकणपट्टीत अशा झऱ्यांची मालिकाच आहे.

दुसरे साधन उपासनेचे. या मुलखातील वारली, काथोडी, मल्हार कोळी व ठाकूर यांच्या वस्तीचा विचार तीर्थवर्णनांत क्वचितच आढळतो. वारल्यांचा वाघदेव सूर्य, चंद्र व वाघ कोरलेल्या लाकडी खांबाच्या रूपाने उघड्यावर उभा असतो. त्यास गाभारा नाही, शिलालेख नाही, सनद नाही. झऱ्यांवर वारल्यांचेच दैवत होते, असे यावरून म्हणता येत नाही. मात्र देवालयाचा अभाव म्हणजे उपासनेचा अभाव, हे गृहीतही टिकत नाही. दगडी बांधकाम शोधणाऱ्या अभ्यासकास लाकडाचा देव दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या लोकांच्या जीवनाचा कागदोपत्री मागोवा एकोणिसाव्या शतकात लागतो, तोही वनखात्याच्या निमित्ताने. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलांवरील निर्बंध कडक झाले. भाताचे रोप टाकण्यापूर्वी झाडांच्या डहाळ्या व पाला जमिनीवर जाळण्याची, म्हणजे राब भाजण्याची, चाल ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत सार्वत्रिक होती. तीच वादाचा विषय झाली. रयतेच्या तक्रारी इतक्या वाढल्या की, सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने अशा आयोगाचे कागद कोणत्याही स्थलमाहात्म्याइतकेच मोलाचे आहेत. किंबहुना अधिकच, कारण माहात्म्यात राक्षस आहेत, शेतकरी नाहीत. पुढे १८९२ मध्ये तानसा धरण पुरे झाले आणि नदीचे गोड पाणी नळांतून मुंबईस जाऊ लागले. खारट उन्हाळी तेवढी जागेवर राहिली.

१९३६ च्या सुमारास नित्यानंद स्वामी गणेशपुरीस येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी देह ठेवला, तोवर रानातील हे गाव दूरदूरच्या भक्तांस परिचित झाले होते. पुढे धर्मशाळांच्या जोडीस विश्रामगृहे आली, झऱ्यांभोवती चिरेबंदी कुंडे होतीच. नदीपात्रातील उघडे झरे मात्र पावसाळ्यात तानसेच्या पुराखाली जातात आणि पाणी ओसरले की पुन्हा वाफाळू लागतात.