ऐकणें आणि करणें

कोल्हापुरास राजाराम कॉलेज सन १८८० मध्यें सुरू झालें. त्या काळीं महाविद्यालयीन अध्यापनाची रीत बहुधा सर्वत्र एकच होती. प्राध्यापकांनीं व्याख्यान द्यावें, विद्यार्थ्यांनीं तें उतरून घ्यावें आणि परीक्षेच्या दिवशीं तेंच परत करावें. या रीतीनें विद्वान निर्माण झाले, हें खरें. परंतु बहुसंख्य विद्यार्थी केवळ श्रोतेच राहिले.

या रीतीला जोराचा धक्का दिला तो याच भूमींतील दोन पुरुषांनीं. कुंभोज येथें जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं सन १९४७ मध्यें साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज स्थापिलें व तेथें ‘कमवा आणि शिका’ हें तत्त्व उच्च शिक्षणांत आणलें. गरीब विद्यार्थ्यानें श्रमाच्या बळावर शिकावें, हा त्यांतील उघड हेतु. ज्याचे हात कामांत गुंतले तो नुसता ऐकत बसत नाहीं, हें त्यांतील मर्म.

त्याच वर्षीं बहिरेवाडीचे जे. पी. नाईक यांनीं भुदरगड तालुक्यांत गारगोटी येथें मौनी विद्यापीठाचा पाया घातला. सन १९५६ नंतर केंद्र सरकारनें ग्रामीण उच्च शिक्षणासाठीं ज्या संस्था हातीं घेतल्या, त्यांत गारगोटी होती. येथें वर्गांतील पाठाबरोबर खेड्यांतील प्रत्यक्ष कार्यालाही अभ्यासक्रमांत स्थान मिळालें. पुढें नाईक हे कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झाले. कार्यानुभव व समाजसेवा हीं शिक्षणाचीं अंगें असावींत, अशी शिफारस त्या आयोगानें सन १९६६ मध्यें केली.

सन १९६२ मध्यें स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठानेंही ‘कमवा व शिका’ योजना स्वीकारली. मग सन २०२० मध्यें महामारी आली. वर्ग बंद पडले आणि फळा मोबाइलवर गेला. पुढील वर्षीं विद्यापीठ अनुदान आयोगानें मिश्र अध्यापनाचा मसुदा काढला. प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग इंटरनेटद्वारां आणि उरलेला ६० टक्के समोरासमोर शिकवावा, अशी त्यांतील योजना.

योजनेचा हेतु चांगला आहे. व्याख्यान घरीं ऐकावें. वर्गांतील वेळ शंका, प्रयोग व वादविवाद यांस मोकळा व्हावा. परंतु मोबाइलवर ऐकलेलें व्याख्यान हेंही अखेर व्याख्यानच. वर्गांत पुनः तीच टिपणें उतरवून घेतलीं, तर जुनी रीत नव्या यंत्रांत शिरली, इतकेंच. शिवाय ज्या घरांत एकच यंत्र व भावंडें तीन, तेथें त्या ४० टक्क्यांतील किती भाग पदरांत पडेल?

म्हणून या योजनेची कसोटी ४० च्या आंकड्यांत नाहीं, उरलेल्या ६० मध्यें आहे. त्या तासांत विद्यार्थ्यानें स्वतः काय केलें, हा प्रश्न गारगोटीनें व साताऱ्यानें यंत्रांच्या पूर्वींच विचारून ठेवला आहे.